कापलेला अर्धा गुण

चौतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं आणि चौतीस वर्षांत एकाही मुलाला पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत. हे मी मिरवून सांगतो, असं माझी बायको मनोरमा म्हणते. मी मिरवत नाही, मी माहिती देतो. उत्तर कितीही बरोबर असलं तरी कुठेतरी एकक लिहायचं राहिलेलं असतं, 'म्हणून'चे तीन ठिपके दिलेले नसतात, आकृती काढताना पेन्सिलीला टोक नसतं. अर्धा गुण कापायला कारण सापडतंच. आणि अर्धा गुण कापला की मूल घरी जाऊन तासभर डोकं खाजवतं. पैकीच्या पैकी मिळाले तर ते दप्तर टाकून खेळायला पळतं.

याचं फळ मी निवृत्तीनंतर भोगतो आहे. माणिकपुरात मला सदानंद सर कुणी म्हणत नाही. माझ्यामागे सगळे 'अर्धे सर' म्हणतात आणि काही धीट लोक तोंडावरही म्हणतात. बेकरीवाला क्लेमेंट त्यातला. त्याने नववी तीनदा केली, तिन्ही वेळा माझ्याच वर्गात. आता त्याची बेकरी जोरात चालते. मी सहा पावांची लादी मागितली की तो सुरी घेऊन एक पाव बरोबर मधोमध कापतो आणि साडेपाच पाव बांधून देतो. "सर, एका बाजूने जरा करपला होता, अर्धा कापला," असं गंभीरपणे सांगतो. दुकानातली माणसं हसतात. मीही आता साडेपाच पाव घेऊन निमूटपणे घरी येतो.

तर या अशा माझ्याकडे जानेवारीत एका दुपारी तेजस्वी आणि तिचे वडील भूपेश आले. भूपेशच्या हातात केळ्यांची फणी होती. ही माणसं मूळची खाडीकडची, भातशेतीवाली. आता गिरीजला त्यांची केळीची आणि भाजीची वाडी आहे. तेजस्वी आठवी ते दहावी माझ्या हाताखाली होती. ती दहावी झाली आणि मी निवृत्त झालो. आता ती बारावीला होती, पण दर शनिवारी अजून माझ्या घरी यायची, जेवणाच्या टेबलावर वही पसरायची आणि मला न येणारी गणितं मला समजावून जायची. मी अधूनमधून "हं" म्हणायचो. बरोबर कुठे म्हणायचं ते मला जमत होतं.

या मुलीला गणित सोडून जगात काही आहे याचा पत्ताच नव्हता. इतिहासात ती पस्तीसच्या आसपास घुटमळायची. नववीत तिने 'माझा आवडता ऋतू' या निबंधात एकच ओळ लिहिली होती: आवडण्याचा निकष प्रश्नात दिलेला नाही. मराठीच्या बाई ती वही घेऊन माझ्याकडे भांडायला आल्या होत्या. जणू ते मी शिकवलं होतं.

"सर," भूपेश सोफ्याच्या अगदी कडेला टेकून म्हणाले, "तेजूला त्या दक्षिनेकडच्या विद्यापीठात जायचंय. गनिताच्या. सगल्या देशातून चालीस पोरं घेतात. लेखी परीक्षा झाली तिची, त्यात पास झाली ती. आता अर्ज नि मुलाखत. सगला खर्च तेच करतात. पन ते सरांचं पत्र मागतात."

"कॉलेजातल्या सरांचं घ्या की."

"त्यांच्या वर्गात एकशेवीस मुलं आहेत," तेजस्वी म्हणाली. "त्यांनी मला परवा विचारलं, तू आमच्याच कॉलेजची ना?"

मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू. मी चष्मा पुसत पुसत होकार दिला. तेव्हा भूपेशनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"अजून एक इचारायचं होतं. ऋतिका मॅडमनी कॉम्प्युटरवर तेजूचे चान्स काढून दिले. एकतीस टक्के आले. सर, एकतीस म्हंजे पास का नापास?"

"बाबा, ते गुण नाहीत. शक्यता आहे."

"तेच गं. पस्तीसला पास आस्तो ना? चार कमी पडतायत. चाराचा ग्रेस देत नाय का कोनी?"

"आणि ती चुकीची काढलीय," तेजस्वी माझ्याकडे वळून म्हणाली. "एकतीस कुठून आले, असं विचारलं तर मॅडम म्हणाल्या, आतून येतात."

ऋतिका हीसुद्धा माझीच विद्यार्थिनी. स्टेशनकडे जाताना औषधाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर तिचं 'उज्ज्वल वाटचाल मार्गदर्शन केंद्र' आहे. मुलाची माहिती भरली की तिचा कॉम्प्युटर कुठल्या विद्यापीठात प्रवेशाची किती टक्के शक्यता ते सांगतो. तेजस्वीची माहिती भरताना तिची पंचाईत झाली होती म्हणे. छंद, असा रकाना होता. तेजस्वीने सांगितलं, गणित. ऋतिकाने विचारलं, त्याव्यतिरिक्त? तेजस्वीने बराच विचार करून सांगितलं, भूमिती. समाजकार्याच्या रकान्यात भूपेशनी लिहायला सांगितलं की गणपतीत सगळ्यांबरोबर आरतीला उभी राहते, पण मनातल्या मनात म्हणते.

शिफारसपत्राचा फॉर्म मी ऋतिकाकडून छापून घरी आणला. चार दिवस तो टेबलावर ठेवून मी त्याच्याकडे नुसता बघत होतो. चौतीस वर्षांत मी शेकडो दाखले लिहिले होते, पण ते सगळे एका साच्याचे. सदर विद्यार्थी आमच्या शाळेत शिकत असून माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे. खाली सही, बाजूला शिक्का. इथे मात्र पाच गोष्टी दिल्या होत्या: गणिताची समज, जिज्ञासा, चिकाटी, लेखन आणि इतरांशी वागणूक. प्रत्येकीपुढे सहा चौकोन. साधारणहून कमी, साधारण, चांगली, फार चांगली, उत्कृष्ट, आणि सगळ्यात शेवटी 'माझ्या कारकिर्दीतल्या मोजक्या सर्वोत्तमांपैकी एक'.

मी पेन उघडलं आणि माझ्या पद्धतीप्रमाणे खुणा केल्या. गणिताची समज, फार चांगली. जिज्ञासा आणि चिकाटी, चांगली. लेखन, साधारण. वागणूक, चांगली. वरचे चौकोन मी मोकळे सोडले, जसे नेहमी सोडतो. उणिवा लिहायला पाच ओळी होत्या. त्या मला पुरल्या नाहीत. मी मागच्या बाजूला जाऊन अकरा उणिवा क्रमांक घालून लिहिल्या. पायऱ्या गाळते. समास सोडत नाही. शून्याचं पोट नीट भरत नाही. मोठ्यांना त्यांची चूक चारचौघांत दाखवते. सामर्थ्य या सदरात लिहिलं: वर्तणूक चांगली. मनोरमाला वाचून दाखवलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "ही मुलगी तुमच्याशी भांडलीय का?"

दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन ऋतिकाच्या केंद्रात गेलो. तिच्या कॉम्प्युटरवरूनच तो भरायचा होता. तिने वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीला तिचा चहा सांडला.

"सर, हे काय केलंत?"

"का? फार चांगली म्हटलंय. फार! माझ्या तोंडून हा शब्द कधी ऐकलास का?"

"सर, बाकीचे सगळे मास्तर डोळे मिटून शेवटच्या चौकोनात खुणा करतात. तिथे 'चांगली' म्हणजे वाईट. 'फार चांगली' म्हणजे या मुलीला घेऊ नका."

"मग त्यांची भाषा बिघडलीय. मी माझी का बिघडवू?"

 ऋतिकाने माझ्या खुणा कॉम्प्युटरवर भरल्या आणि पडदा माझ्याकडे फिरवला. एकतीसचे चार टक्के झाले होते.

"शुक्रवारी संध्याकाळी पाचला मुदत संपते," ती म्हणाली. "अजून पाठवलेलं नाही. विचार करा. सर, दहावीच्या सराव परीक्षेत तुम्ही माझा अर्धा मार्क कापला होता. का, ते आठवतं?"

"का?"

"कंस नीट गोल नव्हता म्हणून."

आठवत नव्हतं, पण मी कापला असणार यात मला शंका नव्हती. मी जिना उतरलो तेव्हा मला संताप आला होता आणि तो कुणावर आलाय ते नीट कळत नव्हतं.

मी घरी पोचायच्या आत बातमी गिरीजला पोचली होती. संध्याकाळी भूपेश आले. या वेळी त्यांच्या खांद्यावर राजेळी केळ्यांचा अख्खा घड होता.

"मी पत्रासाठी नाय आलो," त्यांनी दारातच सांगितलं. "तेजूनं शपथ घातलीय, सरांना एक शब्द बोलायचा नाय म्हनून. मी आपली केली द्यायला आलो." मग घड खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "पन सर, गेल्या आठवड्यात एकतीस होती. आता चारावर आली. मधी काय झालं? पोरगी तर घरातच होती."

 मी म्हटलं, बघतो. ते गेले. पुढचे दोन दिवस आमच्या घरात सकाळी शिकरण, दुपारी केळ्याची भाजी आणि संध्याकाळी केळ्याचे काप असा बेत होता. प्रत्येक घास मला टोचत होता. मनोरमा मुद्दामच तसा स्वयंपाक करते आहे, हे न कळण्याइतका मी खुळा नाही.

बुधवारी जेवताना मी तिला म्हटलं, "तूच सांग. आजवर पाच-सहा हजार मुलांचे अर्धे अर्धे गुण कापले. आता एकीसाठी शेवटच्या चौकोनात खूण केली, तर बाकीच्यांनी काय पाप केलं होतं?"

"तेच मी कधीची विचारतेय," मनोरमा म्हणाली. "आपल्या जितेशने काय पाप केलं होतं? तुमच्याच वर्गात होता. नव्वदातले साडेएकोणनव्वद दिलेत त्याला. न्हाणीघरात नळ सोडून रडला होता. तुम्हाला सांगू नको म्हणाला, म्हणून मी आजपर्यंत सांगितलं नाही."

जितेश आता चाळिशीला आलाय, मुंबईत चांगल्या नोकरीत आहे. रविवारी फोन करतो तेव्हा माझ्या ब्लड प्रेशरची चौकशी करून फोन आईकडे दे म्हणतो. मला ते नेहमी खटकायचं. मी ताटावरून उठलो. 

मी गणिताचा माणूस आहे. मला भावनेवर निर्णय घेता येत नाही, मोजून घेता येतो. प्रश्न सरळ होता. माझ्या कारकिर्दीत या मुलीहून सरस मुलं किती? ती मोजायची. पाच-पंचवीस निघाली, तर 'मोजक्या सर्वोत्तमांपैकी' हे खोटं ठरेल आणि मी खूण करणार नाही. हात धुऊन मी स्टूल लावून माळ्यावरून माझ्या गुणांच्या वह्या काढल्या. दरवर्षीची नववीची एक, अशा चौतीस. मनोरमा धूळ झटकत होती आणि मी नाव नाव वाचत होतो. काही नावांपुढे चेहरे आठवले, बऱ्याच नावांपुढे नुसताच कापलेला अर्धा. एका वहीत क्लेमेंट भेटला, पुढच्या वहीत पुन्हा भेटला.

गुरुवारी दुपारी मोजणी संपली. एकूण मुलं पाच हजार सहाशे बारा. तेजस्वीहून सरस किती, याचं उत्तर शून्य आलं. जवळ जाणारी दोन, फार तर तीन. मी दोनदा ताळा केला.

शेवटून दुसऱ्या वहीत एक उत्तरपत्रिका घडी घालून ठेवलेली होती. ती तिथे आहे हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर वह्या काढायचं मी चार दिवस टाळत होतो ते तिच्यामुळेच.

नववीची सहामाही, भूमिती, चाळीस गुण. तेजस्वीला साडेएकोणचाळीस. प्रश्न अगदी नेहमीचा होता. त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या असतील तर त्यांच्यासमोरचे कोनही सारखे असतात, हे सिद्ध करा. सगळी मुलं वरच्या टोकातून खाली एक रेघ काढतात, त्रिकोणाचे दोन तुकडे करतात आणि ते तुकडे एकरूप आहेत असं दाखवतात. त्या रेघेला रचना म्हणतात. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, या क्रमाने लिहायचं अशी शिस्त मी लावलेली. तेजस्वीने लिहिलं होतं, रचना: गरज नाही. तिने रेघ काढलीच नव्हती. तोच त्रिकोण तिने उलटा करून त्याच्यावरच ठेवला. डावी बाजू उजवीवर बसते, उजवी डावीवर बसते, मधला कोन तोच. म्हणजे त्रिकोण स्वतःशीच उलट्या बाजूने एकरूप, म्हणून दोन्ही कोन सारखे. तीन ओळींत सिद्धता संपली होती. त्या शेजारी माझ्या लाल अक्षरात लिहिलं होतं: रचना नाही. अर्धा गुण कमी.

आता लिहितोच. ती सिद्धता बरोबर आहे हे मला तेव्हाच, तपासतानाच कळलं होतं. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो, इतकी ती सुंदर होती. बाकी सगळा पेपर मी तीनदा चाळला. एकक होतं, ठिपके होते, पेन्सिलीला टोक होतं. चाळीसपैकी चाळीस होत होते. आणि मग मी मागे जाऊन तो अर्धा कापला. बाकीच्या पाच हजार मुलांच्या बाबतीत मला आधी कारण सापडलं होतं आणि मग मी गुण कापला होता. हिच्या बाबतीत मी आधी गुण कापला आणि मग कारण शोधलं. मला त्या दुपारी माझीच लाज वाटली.

मी चप्पल अडकवली, उत्तरपत्रिका खिशात घातली आणि रिक्षाने गिरीजला गेलो.

तेजस्वी वाडीत केळींना पाणी देत होती. हातात फावडं, पाय चिखलात. मला बघून भूपेश गोठ्यातून धावत आले आणि खुर्ची शोधायला लागले. "जरा थांबा, सर, एवढं आळं भरू दे," तेजस्वी म्हणाली. आळं भरलं, तिने पाण्याला पुढची वाट करून दिली आणि हात पुसत आली. मी उत्तरपत्रिका उघडून तिच्या पुढ्यात धरली.

"ही आठवते?"

"साडेएकोणचाळीस," ती लगेच म्हणाली. "रचना नाही."

"तेजस्वी, ती बरोबर होती. मला तेव्हाच कळलं होतं. मी उगाच कापला तो अर्धा."

मला वाटलं, ही रागावेल किंवा निदान हसेल तरी. तिने उत्तरपत्रिका माझ्या हातातून काढून घेतली.

"म्हणजे त्यात चूक नव्हतीच?" तिने विचारलं. "सर, मी तीन वर्षं शोधतेय. मला वाटायचं, सरांनी कापलाय म्हणजे कुठेतरी काहीतरी राहिलं असणार. त्रिकोण उलटा करायला परवानगी आहे का, उलटा म्हणजे नक्की काय, एवढं बघायला मी लायब्ररीतली गणिताची सगळी पुस्तकं वाचली. त्या शनिवारच्या वह्या त्याच्याच होत्या. मी तुम्हाला तेच समजावत होते, म्हणजे तुम्ही तरी सांगाल कुठे चुकलंय ते."

आणि मी "हं" म्हणत होतो. तीन वर्षं, दर शनिवारी, बरोबर जागा बघून. मला कुठेतरी टेकावंसं वाटलं. सुदैवाने तेवढ्यात खुर्ची आली.

भूपेशनी सगळं ऐकलं होतं.  "म्हंजे सर," ते म्हणाले, "तुमी अर्धा कापला म्हनून ही इतकी शिकली. अजून दोन-तीन कापले आस्ते तर?"

"बाबा," तेजस्वी म्हणाली.

"नाय, इचारलं आपलं."

शुक्रवारी सकाळी दहा वाजताच मी ऋतिकाच्या केंद्रात जाऊन बसलो. गणिताच्या समजेपुढे शेवटच्या चौकोनात खूण केली. त्या एका खुणेला मला दहा मिनिटं लागली, हे ऋतिका आता सगळ्या माणिकपूरला सांगते. जिज्ञासा आणि चिकाटी या दोन्हींपुढे पण शेवटचाच चौकोन. लेखन मात्र साधारणच ठेवलं, ती खरोखरच समास सोडत नाही. ऋतिकाने हात जोडले, पण मी ऐकलं नाही. अकरा उणिवांपैकी दहा खोडल्या. मोठ्यांना त्यांची चूक चारचौघांत दाखवते, ही ठेवली. फक्त ती उणिवांमधून काढून सामर्थ्यात लिहिली.

मग पत्र लिहिलं. त्यात त्रिकोणाची आकृती काढली, तिची तीन ओळींची सिद्धता दिली, आणि खाली लिहिलं की ही मुलगी चौदा वर्षांची असताना तिने हे स्वतःच्या डोक्याने केलं, मी जाणूनबुजून तिचा अर्धा गुण कापला, आणि तिने मला दोष न देता तीन वर्षं स्वतःची चूक शोधली. माझ्या पाच हजार सहाशे बारा विद्यार्थ्यांत तिच्या तोडीचं कुणी नाही. तो अर्धा गुण मी आज परत करतो आहे. तिला चाळीसपैकी चाळीस. हे मी चौतीस वर्षांत पहिल्यांदा लिहितो आहे.

ऋतिकाने पत्र वाचलं, नाक पुसलं आणि खुणा कॉम्प्युटरवर भरल्या. बावीस टक्के आले.

"पत्र टाकलंस का त्यात?" मी विचारलं.

"त्यात पत्राला जागाच नाही, सर. लेखन साधारण, तिथेच अडकलं ते."

भूपेशना फोनवर बावीस सांगितले. ते म्हणाले, "चारावरून बावीस म्हंजे सुधारना हाय. आता तेराच कमी." दुपारी दोन वाजता अर्ज गेला. घरी येताना मी लादी घेतली. क्लेमेंटने सुरी उचलली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती खाली ठेवली. सहा पाव बांधून दिले.

मार्चमध्ये मुलाखत ऋतिकाच्याच केंद्रात, कॉम्प्युटरसमोर झाली. मी आणि भूपेश बाहेर जिन्यात बसलो होतो. पाऊण तासाने तेजस्वी बाहेर आली. काय विचारलं, असं आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

"तिघं होते. तुमचं पत्र त्यांच्यासमोर होतं. मग विचारलं, सरांनी अर्धा गुण कापला ते बरोबर होतं का?"

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, रचना हा शब्द लिहून त्यापुढे गरज नाही असं लिहिलं, ते जरा उद्धट होतं. त्याचा पाव कापायला हरकत नव्हती."

भूपेशनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, झालं, गेली ही मुलगी हातची.

एप्रिलच्या शेवटी निकाल आला. चाळीस जणांत तिचं नाव होतं. राहणं, जेवण, फी, सगळं विद्यापीठाकडे. बापलेक पेढे घेऊन आले, आणि अर्थात केळी. भूपेश आल्यापासून नुसते हसत होते आणि डोळे पुसत होते. मनोरमाने तेजस्वीची दृष्ट काढली. मी आत जाऊन पत्राची प्रत आणली. निकाल लागेपर्यंत विद्यार्थ्याने ते वाचायचं नसतं असा नियम होता आणि मी तो कडक पाळला होता. आता तिने ते वाचावं असं मला फार वाटत होतं.

ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि सावकाश वाचायला लागली. शेवटच्या परिच्छेदाला पोचली तेव्हा तिचे डोळे भरून आले, मी पाहिलं. मग ती थबकली. पुन्हा वर गेली. टेबलावर माझं लाल पेन होतं, ते तिने उचललं.

"सर, हे पाच हजार सहाशे बारा कसे काढलेत?"

"नववीच्या चौतीस वह्या. सगळ्यांची बेरीज. दोनदा ताळा केलाय."

"नववीच्या? मग जे नापास झाले ते दोनदा आले. पाववाले क्लेमेंटकाका तर तीनदा आलेत."

मनोरमा तोंडाला पदर लावून आत गेली. तेजस्वीने पाच हजार सहाशे बाराखाली रेघ मारली, कोपऱ्यात गोल केला आणि त्यात लिहिलं: दहापैकी साडेनऊ.

मी वाद घालून पाहिला. म्हटलं, निष्कर्ष तर बदलत नाही ना, तुझ्या तोडीचं कुणी नाही ते नाहीच. ती म्हणाली, निष्कर्ष बरोबर आहे, पायरी चुकलीय. मी म्हटलं, पत्र चांगलं झालंय की नाही? ती म्हणाली, फार चांगलं झालंय. पण अर्धा काही दिला नाही. माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं, म्हणून मी चष्मा काढून पुसायला घेतला. आज रविवार आहे आणि जितेशला फोन करायची पाळी आज माझी आहे, हे मी त्याच वेळी ठरवलं.

भूपेश माझ्या खांद्यावरून वाकून तो लाल गोल बघत होते.

"साडेनऊ," ते काळजीने म्हणाले. "तेजू, म्हंजे सर पास का नापास?"

"पास," तेजस्वी म्हणाली.